मूळ पाचजणांचे स्तोम

दिवाळी आली की 'मूळ' या शब्दाला भाव येतो. मूळ चवीचा चिवडा, मूळ पद्धतीचे उटणे, मूळ घाटाचा आकाशकंदील. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी तर आपण अक्षरओळख झाल्यापासून वाचत आलो आहोत. खाण्यापिण्याच्या जिनसांपुरते हे वेड राहते तर माझी काही तक्रार नव्हती. पण आता ते गाण्याबजावण्यात शिरले आहे आणि तेथे ते जित्याजागत्या माणसांच्या मुळावर येते, म्हणून हा लेख.

निमित्त सांगतो. १७ मे २०२५, शनिवार. मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'गन्स एन' रोझेस' या अमेरिकन रॉक बँडचा जलसा झाला. बँड म्हटल्यावर आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे लाल डगले, पितळी कर्णे आणि वरातीचा घोडा उभा राहतो. हा बँड तो नव्हे. चार-सहा जणांचा मेळ असतो, गिटारी असतात, ड्रम असतात, एक गाणारा असतो, आणि आवाज असा की दोन एकरांवरच्या कावळ्यांनी झाडे सोडावीत. माझा भाचा चाकणला मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग खात्यात आहे. तो आणि त्याचे मित्र तिकिटे काढून गेले आणि रविवारी पहाटे चिंचवडला आमच्याच घरी येऊन पडले. दुपारी पाने वाढली तेव्हा मी सहज विचारले, "काय रे, कसे काय झाले गाणे?" भाचा खुशीत होता. पण त्याच्या एका मित्राने तोंड वाकडे केले. "झालं छान, मामा. पण खरा बँड नव्हे तो. मूळ पाचातले तीनच आले होते. बाकीचा माल डुप्लिकेट."

डुप्लिकेट! आमच्या पट्ट्यात हा शब्द ब्रेकच्या लायनरला आणि बेअरिंगला लावतात. माणसाला लावलेला मी प्रथमच ऐकला. पोरगा भला आहे, पण हे मत त्याच्या एकट्याचे नाही. गाण्याची आवड सांगणाऱ्या निम्म्या लोकांचे ते मत आहे, आणि ते मला साफ अमान्य आहे.

हे 'मूळ पाच' कोण, ते आधी पाहू. १९८७ साली या मंडळीची पहिली मोठी तबकडी निघाली. तीवर अॅक्सल रोझ, स्लॅश, डफ मॅकेगन, इझी स्ट्रॅडलिन आणि स्टीव्हन अॅडलर अशी पाच नावे होती. हेच पाच पांडव, आणि बाकीचे सारे उपरे, असा भक्तांचा सिद्धांत आहे. आता गंमत ऐका. ही मंडळी स्थापन झाली १९८५ मध्ये, आणि त्या वेळी तीत स्लॅश नव्हता, डफ नव्हता, अॅडलरही नव्हता. गिटारीवर होता ट्रेसी गन्स नावाचा गृहस्थ. मंडळीच्या नावातला 'गन्स' तो हाच! काही महिन्यांतच तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी स्लॅश आला. म्हणजे ज्याच्या नावाने पाटी लागली तो पहिल्याच वर्षी गेला, ज्याला आज लोक मूळ पुरुष म्हणून ओवाळतात तो त्याच्या जागी आलेला, आणि पुढे ज्याला 'डुप्लिकेट' म्हणावयाचे तो याच न्यायाने आलेला. मग मूळ कोठून मोजावयाचे? तर जेथून आपल्याला कॅसेट मिळाली तेथून! याला इतिहास म्हणत नाहीत.

पुढे पाहा. अॅडलर १९९० मध्ये गेला, इझी १९९१ मध्ये. इझीने या मंडळीत काढली सहा वर्षे. महालक्ष्मीला स्लॅशच्या जोडीने जो दुसरा गिटारवाला उभा होता त्याचे नाव रिचर्ड फोर्टस. हा गृहस्थ २००२ पासून मंडळीत आहे. मुंबईच्या त्या रात्री त्याला तेथे तेवीस वर्षे होत आली होती. डिसेंबर २०१२ मध्ये हीच मंडळी भारतात आली तेव्हा स्लॅश रुसून बाहेर होता, डफ नव्हता, त्या प्रसिद्ध पाचांतला एकटा अॅक्सल उरला होता. पण फोर्टस तेव्हाही त्याच्या बाजूला उभा होता. २०१६ मध्ये जुनी मंडळी परत आली, तेव्हाही तो राहिला. मी त्या मित्राला विचारले, "त्याचे नाव काय?" त्याला ते ठाऊक नव्हते. सहा वर्षे राहून गेलेला मालक, आणि तेवीस वर्षे राबणारा पाहुणा! हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

आमच्या वहीत तो बरोबर बसतो, हीच दुःखाची गोष्ट. गिरणीपासून गाडीच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना 'बदली' हा शब्द ठाऊक आहे. कायम कामगार आला नाही म्हणजे त्याच्या यंत्रावर जो उभा राहतो तो बदली. हजेरीपटावर नाव दुसऱ्याचे, घाम याचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली एक कलम आले. त्यात बदली कामगाराची व्याख्या करताना, ले-ऑफच्या भरपाईपुरते का होईना, असे लिहिले होते की सलग एक वर्ष सेवा केली की त्याला बदली समजावयाचे नाही. सरकारी कायदेपंडितांना जी गोष्ट एका वर्षात उमगली ती रसिकांना तेवीस वर्षांत उमगत नाही. आणि हे कोणाच्या पोरांच्या तोंडून ऐकावयाचे? ज्यांची स्वतःची गळ्यातली पाटी दर अकरा महिन्यांनी बदलते, ज्यांच्या बसवर एका ठेकेदाराचे नाव आणि पगाराच्या कागदावर दुसऱ्याचे, त्यांच्या! चाकणच्या फाट्यावर सकाळी सहाला उभे राहून पाहावे. निळ्या, करड्या, खाकी सदऱ्यांतून कायम कोण आणि हंगामी कोण हे बिल्ल्याच्या रंगावरून कळते. गाडी मात्र सगळे मिळून एकच बनवतात, आणि ती विकत घेणारा असे कधी म्हणत नाही की हिचा डावा दरवाजा हंगामी माणसाने जोडला आहे, तेवढा डुप्लिकेट समजावा.

या बाबतीत मी तटस्थ नाही, हेही सांगून टाकतो. १९८० च्या सुमाराला भोसरीच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये होतो. कामगारांचा एक ऑर्केस्ट्रा होता. गणेशोत्सवात आणि वार्षिक समारंभात गाणी व्हायची. अॅकॉर्डियन वाजवणारे गृहस्थ दुसऱ्या गावी बदलून गेले आणि त्यांच्या जागी मला बसवले. पहिल्या वर्षी निवेदक म्हणाला, "आपल्या लाडक्या अमक्यांच्या जागी आज हे वाजवतील." ठीक आहे. दुसऱ्या वर्षीही तेच. सहाव्या वर्षीही तेच! सहा वर्षे मी अमक्यांच्या जागी होतो, माझ्या जागी एक दिवसही नव्हतो. ते गृहस्थ उत्तम वाजवत, यात शंका नाही. पण मी त्यांच्यासारखे वाजवले की लोक म्हणत, "नक्कल करतो," आणि माझ्यासारखे वाजवले की म्हणत, "ती मजा नाही." या दोन दगडांमध्ये ज्याची बोटे सापडली आहेत त्याला रिचर्ड फोर्टसचे दुःख चाकणहून अमेरिकेपर्यंत समजते.

आता कोणी म्हणेल, रॉक ही परकी गोष्ट, तिचे नियम वेगळे असतील. बरे, आपल्या घरात पाहू.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याला अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचा पाया घातला. किर्लोस्कर मंडळी म्हणजे अण्णासाहेब. लेखक ते, पदे रचणारे ते, तालीम देणारे ते, सूत्रधार ते. आणि १८८५ च्या नोव्हेंबरात ते वारले. जेमतेम पाच वर्षे झाली होती. 'मूळ'वाद्यांच्या शास्त्राप्रमाणे त्या दिवशी कंपनीचे पडदे घड्या घालून ठेवावयास हवे होते. ठेवले असते तर काय झाले असते? गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' किर्लोस्कर मंडळीनेच रंगभूमीवर आणले, ते १८९९ मध्ये. कोल्हटकरांचे 'वीरतनय' त्याआधी तीन वर्षे. खाडिलकरांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी, म्हणजे अण्णासाहेब गेल्यावर पंचवीस वर्षांनी! ज्या नाटकांवर आपल्या आजोबांनी घरे विसरली ती पुष्कळशी नाटके, मूळ माणूस गेल्यावर, त्याच नावाच्या पाटीखाली झाली.

बरे, अण्णासाहेब नाटककार. त्यांच्या जागी दुसरा नाटककार चालेल. पण गळा? गळ्याचे काय? तर भाऊराव कोल्हटकर म्हणजे किर्लोस्कर मंडळीचा प्राण. १९०१ च्या फेब्रुवारीत तेही गेले. तो आवाज ऐकलेल्यांना दुसरा आवाज गोड लागणे शक्य नव्हते. तरीही कंपनी चालू राहिली, आणि १९०५ मध्ये मिरजेला एका सतरा वर्षांच्या पोराला शकुंतला म्हणून उभे केले. त्या पोराचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. होय, बालगंधर्व! आमच्या व्याख्येप्रमाणे बालगंधर्व हे बदली. आणि १९१३ मध्ये तेच जेव्हा टेंबे आणि बोडस यांना घेऊन बाहेर पडले आणि स्वतःची गंधर्व मंडळी काढली, तेव्हा किर्लोस्करांनी काय केले? एका नव्या पोराला गायला लावले. तो दीनानाथ मंगेशकर. ज्यांना 'खरी किर्लोस्कर संपली' म्हणून घरी बसावयाचे होते त्यांनी घरी बसून काय काय गमावले याची यादी मी करीत नाही, वाचकांनीच करावी.

तेव्हा चांगली मंडळी कोणती, याची खूण मला किर्लोस्करांकडे सापडते. गेलेल्या माणसाच्या जागी आलेल्याला ते त्याचे सोंग घ्यावयास सांगत नाहीत. त्याच्यासाठी नवे नाटक बसवतात. या कसोटीला मी आजच्या मंडळ्या लावून पाहतो.

दिल्लीचा 'इंडियन ओशन' पुष्कळांनी ऐकला असेल. 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटातले त्यांचे गाणे तर ज्यांना रॉक आवडत नाही त्यांनाही ठाऊक आहे. १९९० मध्ये सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी ही मंडळी उभी केली. राहुल राम आणि अमित किलम मागाहून आले. असीमची तऱ्हा काही औरच होती. मांडी घालून बसावयाचे, समोर तबला, आणि तो वाजवता वाजवताच गावयाचे. ज्याने कधी ठेका धरून चार ओळी म्हणून पाहिल्या आहेत त्याला हे काय प्रकरण आहे ते कळेल. हात एक हिशेब सांभाळतात, गळा दुसरा, आणि दोन्ही समेवर भेटतात. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम गेला. त्याच्या जागी कोणाला घ्यावे? मंडळींनी एकाच्या जागी दोघे घेतले. गाण्याला हिमांशु जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. मला यात मोठा शहाणपणा दिसतो. असीमसारखे दोन्ही करणारा कोणी शोधून, त्याच आसनावर, त्याच पोजमध्ये बसवला असता तर दर कार्यक्रमात लोकांनी मृत माणूस पाहिला असता. त्यांनी कामाची वाटणी केली, आणि तसे करताना कबूल केले की ती जागा भरता येत नाही, फक्त काम पुढे नेता येते. पुढे २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले आणि निखिल राव गिटार घेऊन आला. म्हणजे ज्या दोघांनी संसार मांडला त्यांतले कोणीच आज त्या घरात नाही. तरी २०१४ मध्ये 'तंदानु' निघाली, २०२३ मध्ये 'तू है' निघाली. नवी गाणी, नवे गळे. याला दुकान चालवणे म्हणतात काय? म्हणा. अण्णासाहेबांचेही दुकान असेच चालले.

उलट उदाहरण हवे तर 'क्वीन'चे घ्या. फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने डोक्यावर घेतलेला हा फरोख बलसारा आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, आणि शाळकरी मित्रांना जमवून त्याने पहिला वाद्यवृंद तेथेच काढला. १९९१ मध्ये तो गेला. २०१२ पासून अॅडम लॅम्बर्ट नावाचा गायक त्या मंडळीबरोबर दौरे करतो आहे. गळा तयारीचा आहे. पण पाटीवर काय लिहितात? 'क्वीन', मग अधिकचे चिन्ह, मग त्याचे नाव. लोकांना यात फार प्रामाणिकपणा दिसतो. मला त्यात निवेदकाचे 'अमक्यांच्या जागी' दिसते! इतकी वर्षे गाऊनही तो बेरजेच्या बाहेरच उभा, आणि त्याला बरोबर घेऊन स्टुडिओत नव्या गाण्यांची एक तबकडी काही कोणी केली नाही. त्यापेक्षा 'लिंकिन पार्क'चे वागणे मला सरळ वाटते. त्यांचा चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला. सात वर्षे मंडळी गप्प राहिली, आणि २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग ही बाई त्याच्या जागी आली. पुरुषाच्या जागी बाई! मूळवाद्यांनी काय आकांत केला असेल ते सांगावयास नको. पण तिला पाटीबाहेर उभे केले नाही, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिच्या आवाजातली संपूर्ण नवी तबकडी निघाली. ती तुम्हांला आवडो न आवडो, ती त्यांची आहे.

थांबण्याचा हक्कही मी मानतो. 'लेड झेपलिन'चा ड्रमवाला बॉनहॅम १९८० मध्ये गेला आणि उरलेल्या तिघांनी दोनअडीच महिन्यांत पडदा पाडला. चौघांखेरीज आपण नाही, असे त्यांना वाटले आणि त्यांनी तसे केले. तो त्यांचा निर्णय, त्यांच्या दुःखातून आलेला. तो निर्णय प्रेक्षकाने तिकीट हातात धरून दुसऱ्यांवर लादावा, हे मात्र मला पटत नाही.

मूळवाद्यांचा एक मुद्दा खरा आहे, आणि तो मी नाकारणार नाही. नावावर पैसा उकळला जातो. जुन्या पाचांची छायाचित्रे भिंतीवर लावावयाची, तिकिटे खपवावयाची, आणि रंगमंचावर कोण येणार ते बारीक अक्षरांत ठेवावयाचे, असे उद्योग जगभर चालतात. त्यांचा निषेध कराच. पण चोरी करतो ठेकेदार आणि शिव्या खातो बदली, हा कोठला न्याय? छायाचित्र लपवणाऱ्याला जाब विचारा. गिटार वाजवणाऱ्याला का?

आणि हे 'मूळ मूळ' म्हणणारे घरी कसे वागतात तेही मी पाहतो. ज्या मित्राने डुप्लिकेट हा शब्द काढला तो माझ्या दारात आला चेतकवरून. विजेची, आवाज न करणारी, निळी चेतक. १९७२ पासून बजाजची चेतक म्हणजे या पट्ट्यातल्या संसाराचे वाहन होते. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये एक पोर आणि समोर एक. सुरू होताना आडवी केल्याशिवाय ऐकत नसे. पुढे ती बंद झाली, आणि २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनवणेच थांबवण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये तेच नाव विजेच्या गाडीला दिले. आधी ती चाकणला बनू लागली, मग २०२२ मध्ये आकुर्डीला, जेथे जुनी चेतक जन्मली त्याच ठिकाणी, तिचा कारखाना उभा राहिला. इंजिन नाही, गिअर नाही, पेट्रोल नाही. जुन्या गाडीतला एक नट नव्या गाडीला लागत नाही. तरी हा पोरगा अभिमानाने सांगतो, "आजोबांची पण चेतकच होती." मी म्हटले, "अरे, मग तीन मूळ माणसे असलेला बँड तुला खोटा, आणि मूळचा एक स्क्रू नसलेली चेतक खरी?" तो हसला. हसण्याने मुद्दा खोडला जात नाही.

याच आकुर्डीत दर आषाढीच्या आधी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. दिंडीत वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचे खांदे भरून आले की तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि त्या वेळी दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. देणाराही वाकतो आणि घेणाराही. त्या क्षणापासून घेणारा विणेकरी. त्याला कोणी अमक्याच्या जागचा म्हणत नाही. रॉकच्या मंडळ्यांना मी काही वारीला चला म्हणणार नाही, त्यांचे केस आणि आपला पाऊस जमावयाचे नाही. पण ही रीत त्यांच्या भक्तांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून एकदा पाहून घ्यावी.

घरोघरच्या गृहिणींना तर हे सांगण्याची गरजच नाही. लग्न होऊन वीस वर्षे झाली, सोऱ्या हातात घेऊन शेकडो चकल्या पाडल्या, तरी पहिला घास घेऊन नणंद म्हणतेच, "छान झाल्यात वहिनी, पण आईच्या हातची ती चव..." त्या बाईने काय करावे? सासूबाईंचीच भाजणी दळावी तर नक्कल, तिळाऐवजी ओवा घालावा तर पाखंड. रिचर्ड फोर्टस आणि ती एकाच खात्यात आहेत. यंदा कोणाकडे फराळाला जाल तेव्हा हा विषय काढून पाहा. पुरुषमंडळी गप्प बसतील आणि स्वयंपाकघरातून मला पाठिंबा येईल, याची मला खात्री आहे.

आता कार्यक्रम भरवणाऱ्यांना एक सूचना करतो, फुकट आहे. महालक्ष्मीला त्या रात्री रंगमंचावर पाच नव्हे, सात जण होते. ड्रमवर आयझॅक कार्पेंटर होता, तो त्याच वर्षी मंडळीत आला होता. कीबोर्डवर एक मेलिसा रीस, २०१६ पासूनची, आणि एक डिझी रीड, १९९० पासूनचा. पस्तीस वर्षे झाली त्याला, अजून त्याचे नाव घेताना लोक "तो पण होता" असे म्हणतात. पुढल्या खेपेस यांना आणाल तेव्हा पुण्या-मुंबईच्या भिंतींवर सातही नावे एकाच मापाच्या अक्षरांत छापा. मग तिकिटाचा दर खुशाल वाढवा. माझ्या भाच्याच्या मित्राला मी अर्धे पैसे देईन, एवढ्या अटीवर की जाताना गाडीत त्याने ती सातही नावे तोंडपाठ म्हणून दाखवावीत.